पद्मिनीचा ब्लॉक: टॅक्सीचा घेतला, घरचाच वापरला

वडिलांची १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती. हेड गॅस्केटमधून (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्र्यातून) पाणी उतरून तिसऱ्या सिलिंडरला गंजाचे खड्डे पडले होते, पिस्टन जागेवरच धरलेला. ओळखीतले सगळे म्हणाले, हा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य ओतीव भाग, टाक, दुसरा बघ. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा ब्लॉकना काय तोटा, असं मलाही वाटलं. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनायची, तिथल्याच एका भंगारवाल्याकडून नऊ हजारांना ब्लॉक उचलला. वर झकास चंदेरी रंग मारलेला. भुललो.

तो घेऊन कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोअरिंगच्या दुकानात गेलो. हा सगळा प्रपंच त्या दुकानाबद्दल लिहायला म्हणूनच.

तिथल्या मिस्त्रींनी मोजमाप राहू दे, आधी ब्रश मारला. वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या पोकळीच्या) बाजूचा रंग निघाला आणि खालून भेगेवर फासलेलं वीतभर एम-सील. "साहेब, ह्यो ब्लॉक न्हाई, ही पुट्टी मारलेली भिंत हाय." मग त्यांनी तिन्ही मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा) ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या, कॅप उलटून दाखवल्या. मधली कॅप भलत्याच इंजिनची. कॅप जागेवर आवळूनच बेअरिंगची भोकं एका रेषेत बोअर केलेली असतात, त्यामुळे एका ब्लॉकची कॅप दुसऱ्याला चालत नाही. कशीबशी बसवली तर क्रँक हाताने फिरणार नाही. लाइन बोअर, म्हणजे ती भोकं पुन्हा एका रेषेत, करून घेता येतं, पण भेगाळलेल्या ब्लॉकवर तो खर्च कोण करणार?

"तुमचा सोताचा कुठं हाय? त्यो आणा की आधी."

आणला. प्रेशर लावून पाण्यात बुडवला, एक बुडबुडा आला नाही. वरचा फेस किंचित वाकला होता, तो ग्राइंडरवर साफ झाला. खड्डे मात्र इतके खोल की सिलिंडर थोडा मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन घालून भागणारं नव्हतं. मी म्हटलं, एकाच सिलिंडरला स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) मारा. मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं: चारही मारायच्या आणि बोअर परत मूळ ६८ मिमीवर आणायचं, म्हणजे पुन्हा सिलिंडर झिजले तरी पुढचे साइझ शिल्लक राहतात. पिस्टन हातात आल्याशिवाय शेवटचा हात मारायलाही तयार नव्हते. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजला, त्यावर खडूने नंबर घातला आणि त्या त्या पिस्टनच्या मापाने होनिंग केलं, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासून शेवटच्या मापाला आणला. सिलिंडरच्या भिंतीवरच्या तिरप्या रेघा बॅटरीच्या उजेडात बघण्यासारख्या होत्या.

आरसीवरचा इंजिन नंबर याच ब्लॉकवर कोरलेला आहे. ब्लॉक बदलला असता तर आरटीओच्या खेपा आल्याच. ते वाचलं ते वेगळंच.

आता तक्रार. आठ दिवस सांगून पाच आठवडे लावले. फोन केला की "उद्या या". आणि धुलाई अगदीच वरवरची. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून मी घरी रॉकेल आणि बाटलीच्या ब्रशने आत फिरवलं, तर ग्राइंडिंगची काळी रेती चमचाभर निघाली. ती आत राहिली असती तर नवीन बेअरिंग पहिल्याच महिन्यात खाल्ली असती. तुम्ही गेलात तर ही धुलाई स्वतः करा, त्यांच्यावर सोडू नका. प्रेशर टेस्ट, फेस आणि चार स्लीव्ह बोअर-होनिंगसकट मिळून साडेनऊ हजार झाले. म्हणजे जवळजवळ पहिल्या चुकीइतकेच. कामाला पाचपैकी साडेचार, वेळेला दीड.

कुर्ल्याचा ब्लॉक अजून शेडमध्ये आहे. कुणाला हवा असेल तर कॅपसकट फुकट न्या, फक्त मधली कॅप कुणाची ते मला विचारू नका.