ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’, स्वस्तातली आवृत्ती: मजकुराला पैकीच्या पैकी, छपाई काठावर पास

संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाची ही इंग्रजी पेपरबॅक दोनशे रुपयांच्या आत मिळते, आणि तेवढ्याचसाठी ती खपते. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दुकानदारानं पिशवीत घालताना विचारलंच, “बाई, तुम्ही गणिताच्या. हे धर्मांतराचं कशाला?” मागच्या कव्हरवरही तसंच छापलंय: उनाड तरुण, रडणारी आई, बागेतला चमत्कार, झाला संत. माझी पहिली तक्रार या कव्हरबद्दल आहे. आत जे आहे ते याहून खूप हट्टी आणि खूप वाचनीय आहे.

मी दिगंबर जैन घरातली. माहेर शिरोळ तालुक्यातलं, शेतीवालं. निवृत्त होईपर्यंत हायस्कूलला गणित शिकवलं. या दोन्ही गोष्टींचा या परीक्षणाशी संबंध आहे, म्हणून सांगितल्या.

ऑगस्टीन इ.स. 354 मध्ये आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावी जन्मला. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. शिकायला कार्थेजला गेला, एकोणिसाव्या वर्षी रोमन लेखक सिसेरो वाचून सत्य शोधायचं वेड लागलं आणि त्याच भरात मानी नावाच्या प्रेषिताच्या पंथात शिरला. तिथं नऊएक वर्षं काढली. पुढे 386 मध्ये मिलानला मनाचा निर्णय झाला, 387 च्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा झाला. नंतर आफ्रिकेत परतून हिप्पोचा बिशप, आणि 430 मध्ये वँडल टोळ्यांनी शहराला वेढा घातलेला असताना मृत्यू. हे पुस्तक 397 ते 400 च्या सुमाराचं, म्हणजे बिशप झाल्यानंतरचं. जुन्या पंथाबद्दल तो बोलतो तेव्हा खुर्ची बदललेला माणूस बोलतोय, एवढं भान ठेवून वाचावं.

माझ्यासाठी पुस्तक जागं झालं ते तिसऱ्या भागात, जिथं मानी पंथाची रीत येते. मानी 216 मध्ये बाबिलोनियात जन्मला. बुद्ध, झरथुष्ट्र आणि येशू हे आपल्याआधीचे प्रेषित, असं तो मानायचा. सिंधूच्या मुलखापर्यंत येऊनही गेला होता. त्याच्या शिकवणुकीत प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वं. त्यांच्या लढाईत प्रकाशाचे कण जगात अडकले, झाडाझुडपांत आणि फळांत विशेष. पंथात दोन थर. वरचे ‘निवडलेले’: मांस नाही, मद्य नाही, लग्न नाही, आणि फळ तोडणंसुद्धा नाही, कारण झाडाला इजा होते. खालचे ‘श्रोते’: त्यांनी संसार करायचा, भाजी-फळं आणायची, वरच्यांना खाऊ घालायचं आणि पुण्य मिळवायचं. ऑगस्टीन पंथात होता तोवर श्रोताच राहिला.

हे वाचताना आमच्या गल्लीतली सकाळ समोर आली नाही तरच नवल. मुनिमहाराज आले की दारात कलश घेऊन उभ्या राहिलेल्या बायका, “अत्र तिष्ठ तिष्ठ” म्हणून पडगाहन, म्हणजे आहारासाठी थांबायची विनंती, महाराजांचा दिवसातून एकदाच उभ्यानं, ओंजळीत आहार. आजीच्या स्वयंपाकघरात बटाटा, कांदा कधी आला नाही आणि चातुर्मासात पालेभाजी बंद. म्हणून ऑगस्टीन जेव्हा अंजिराची टिंगल करतो तेव्हा मला ती थेट लागली. तो म्हणतो, आम्हाला पटवलं होतं की अंजीर तोडलं की ते आणि त्याची आई, म्हणजे झाड, दुधाचे अश्रू ढाळतात. पण दुसऱ्या कुणी पाप करून तोडून आणलं आणि पंथातल्या संतानं खाल्लं, की तो ढेकर देऊन देवदूत बाहेर सोडतो. वर्गात हुशार पोरगं मागच्या बाकावरून मास्तरांची नक्कल करतं ना, तो सूर. मजा येते आणि रागही येतो.

पण लगेच पुढचं वाक्य वाचा. तिथं टिंगल संपते. पंथाबाहेरचा भुकेला माणूस दारात आला आणि त्याला घास दिला, तर त्या घासाला जणू फाशी दिली असं आम्ही मानायचो, माणसापेक्षा फळावर जास्त दया करायचो, असं तो लिहितो. इथं मी पुस्तक खाली ठेवलं. आजी मुनींना आहार द्यायची तशी दारावर आलेल्या कुणालाही भाकरी द्यायची. त्याला करुणादान म्हणतात आणि त्यात समोरच्याचा धर्म विचारत नाहीत. म्हणजे बाहेरून जे जुळं दिसलं ते आतून वेगळं निघालं. शेतीबद्दलही तेच. एका प्रवचनात ऑगस्टीन सांगतो की मानीवाल्यांना शेतकऱ्यापेक्षा सावकार बरा वाटायचा, कारण नांगर जमिनीला आणि रोपाला दुखावतो. आमचे काका ऊस लावून, सोयाबीन काढून पर्युषणात उपास करणारे. त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पायतान हातात घेतलं असतं.

सगळ्यात मोठा फरक पाचव्या भागात सापडतो. ऑगस्टीन कबूल करतो की मानी पंथात त्याला एक सोय आवडायची: पाप मी करत नाही, माझ्यातली कुठली तरी दुसरी प्रकृती करते. दोष दुसऱ्याचा, मी स्वच्छ. आमच्याकडे ही सूट नाही. कर्म बांधलं तुम्ही, भोगायचं तुम्ही, आणि झडवायचंही तुम्हीच. ऑगस्टीननं पंथ सोडला त्याच्या मुळाशी ही सोय सोडणं होतं, असं मला वाटतं, आणि ते त्याला जड गेलं, हे तो लपवत नाही.

आता गणिताच्या बाईंचा आवडता भाग. श्रद्धेला पहिला तडा कुठं गेला? ग्रहणाच्या गणितात. मानीच्या ग्रंथांत सूर्य-चंद्राबद्दल लांबलचक कथा होत्या. उलट ज्योतिर्विद ग्रहण कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, किती लागणार हे वर्षानुवर्षं आधी सांगायचे आणि तसंच व्हायचं. ऑगस्टीननं दोन्ही ताडून पाहिलं. मानीचा हिशेब जुळेना. पंथातली मंडळी म्हणायची, थांब, आपला बिशप फाउस्टुस येऊ दे, तो सगळं सोडवेल. फाउस्टुस आला, बोलायला गोड, वागायला लाघवी, वाचन बेताचं. ऑगस्टीननं प्रश्न पुढे केले तर त्यानं सरळ सांगितलं की हे मला येत नाही. आणि ऑगस्टीनला तो माणूस त्यामुळेच आवडला! पंथावरचा भरवसा उडाला, फाउस्टुसशी मैत्री राहिली, दोघं मिळून साहित्य वाचायला लागले. पुढे त्याच फाउस्टुसच्या मतांविरुद्ध ऑगस्टीननं तेहतीस भागांचा ग्रंथ लिहिला, तो भाग वेगळा.

याच भागात रोमच्या विद्यार्थ्यांची गंमत आहे. कार्थेजची पोरं वर्गात धुडगूस घालतात म्हणून हा रोमला गेला, तर तिथली पोरं शांत, पण फी द्यायची वेळ आली की टोळीनं दुसऱ्या मास्तरांकडे पळायची. राजारामपुरीत खासगी क्लास चालवणाऱ्या कुणालाही हे पान वाचून दाखवा.

कव्हरवरचा ‘बागेतला चमत्कार’ आठव्या भागात येतो, आणि कव्हर लिहिणाऱ्यानं तिथवर वाचलेलंच नाही. मिलानच्या बागेत लहान मुलाचा आवाज येतो, “उचल, वाच,” आणि तो बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या ओळी वाचतो, हे खरं. पण तोवर मानी पंथ केव्हाच सुटलेला होता. मधल्या काळात तो संशयवादी झाला, मिलानमध्ये अँब्रोज यांची प्रवचनं ऐकून जुना करार शब्दशः वाचायची गरज नाही हे त्याला उमगलं, आणि प्लेटोच्या परंपरेतली पुस्तकं वाचून सातव्या भागात मोठी गाठ सुटली: वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, चांगल्याची उणीव म्हणजे वाईट. अंधाराचं राज्य तिथं संपलं. बागेत सुटलं ते वेगळं, बायकांची ओढ आणि नोकरीची हाव. याआधी लग्नाचं स्थळ जमवण्यासाठी स्वतःच्या मुलाच्या आईला, म्हणजे वर्षानुवर्षांच्या सोबतिणीला, परत आफ्रिकेला पाठवलं होतं. तिचं नावही तो लिहीत नाही. आईबद्दल पानंच्या पानं, हिच्याबद्दल चार ओळी. मला हे माफ करता आलं नाही.

मानी पंथ त्याला सुटला का, हा प्रश्न त्याच्या हयातीतच विचारला गेला. आदामापासून चालत आलेल्या मूळ पापामुळे माणसाची इच्छाच अशक्त झाली आहे, कृपेशिवाय गत्यंतर नाही, हे त्याचं मत पेलागियस या ख्रिस्ती उपदेशकाला खटकलं. नंतर इटलीतल्या एक्लानमचा बिशप जुलियन यानं उघड आरोप केला की हा बिशप अजून आतून मानीवालाच आहे. ऑगस्टीन मरेपर्यंत त्याला उत्तर लिहीत होता. तो ग्रंथ अपुराच राहिला. मला जुलियनचं थोडंफार पटतं. शरीराकडे संशयानं बघायची ती नऊ वर्षांची सवय नुसत्या तत्त्वज्ञानानं जाईल असं वाटत नाही. आणि तिचा पल्ला लांबचा आहे. प्रोटेस्टंट पंथ सुरू करणारा ल्यूथर ऑगस्टीनच्या नावाच्या संघातला भिक्षू होता, दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यानं ऑगस्टीनचाच आधार घेतला, आणि 2025 मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे ऑगस्टीनच्या नावाच्याच संघातले. आपल्या वायल्डर चर्चमागची अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनसुद्धा कॅल्विनच्याच वाटेची. म्हणजे कार्थेजमधला तो वाद फिरत फिरत कोल्हापुरात पोचलेला आहे.

आता वस्तू म्हणून. भाषांतर पुसी यांचं, 1838 चं, स्वामित्वहक्क संपलेलं, म्हणून स्वस्त. भाषा मात्र जुन्या बायबलच्या वळणाची, एका वाक्यात तीन श्वास लागतात. टीपा एकही नाहीत. बायबलचं अवतरण कुठं सुरू झालं, कुठं संपलं कळत नाही, आणि भागांतले परिच्छेद-क्रमांक काढून टाकल्यामुळे कुणी संदर्भ दिला तर शोधता येत नाही. अक्षर बारीक. बांधणी सातव्या भागापाशी सुटली, पानं आता रबर लावून ठेवली आहेत. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असली पुनर्मुद्रणं बरीच जण काढतात.

शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील असं असेल तर हेन्री चॅडविक यांचं 1991 चं भाषांतर घ्या. टीपा भरपूर आहेत आणि मानी पंथाचे उल्लेख जागोजागी उलगडलेत. दुकानदार मागवून देतो. पैसे मोजकेच असतील तर हीच घ्या, पण पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, तिथं स्तुतीच स्तुती आहे. तिसरा ते आठवा भाग आधी वाचा, मग दहावा आणि अकरावा, स्मृती आणि काळ यांच्यावरचे. शेवटचे दोन, उत्पत्तीच्या कथेवरचे, राहिले तरी बिघडत नाही.