जावा, गो आणि फारो: एकच पट्टी तीनदा लिहून बघितली, आठ महिन्यांचा अनुभव

पिंपळगावच्या एका आडत्याचं हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर मी नाशिकला घरी बसून सांभाळतो. काम साधं, कांदा क्विंटलवर, टोमॅटो क्रेटवर, त्यातून हमाली, तोलाई कापायची आणि पट्टी छापायची. आधी जावा या प्रोग्रामिंग भाषेत होतं, मग गो या दुसऱ्या भाषेत परत लिहिलं, आणि रविवारची हौस म्हणून फारोत पण, म्हणजे स्मॉलटॉक या जुन्या भाषेच्या घराण्यातलं आजचं पोर.

जावात कॉलेजात शिकवतात तसंच केलेलं, 'माल' हा बाप क्लास, म्हणजे साचा, आणि कांदा, टोमॅटो ही त्याची पोरं, बापाचं सगळं त्यांना आपोआप मिळतं. छान चाललेलं. पण बापाची पट्टी काढायची मेथड, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, आतून कपातीची मेथड बोलावते, आणि ती पोरानं बदलली असेल तर पोराचीच चालते, हे माहीत असून विसरायला होतं. कांद्यासाठी मी बापातच हमाली वजा करायची एक ओळ टाकली, टोमॅटोची कपात ती आधीच धरत होती, झालं, दिवसभर टोमॅटोवाल्यांची हमाली दोनदा कापली गेली. चूक माझीच, पण डिझाइननं मला तिथपर्यंत हात धरून नेलं असं माझं मत.

गो मध्ये इनहेरिटन्स, म्हणजे हा बाप-पोराचा वारसा, ठेवलेलंच नाही. स्ट्रक्टच्या, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याच्या, आत स्ट्रक्ट बसवता येतं, पण आतल्याला आपण कोणाच्या पोटात आहोत हे ठाऊकच नसतं, त्यामुळे वरचा घोळ त्या वाटेनं होतच नाही. इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथडी हव्यात त्याची यादी, पण भारी, मी अमुक इंटरफेस पाळतो असं जाहीर करायची गरज नाही, मेथडी जुळल्या की बसला. वैताग म्हणाल तर दर चार ओळींनी एरर तपासत बसायचं, आणि इंटरफेसमध्ये निल पॉइंटर, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पत्ता, ठेवला की तो इंटरफेस स्वतः निल राहत नाही, यात दोन रात्री गेल्या.

फारो वेगळंच प्रकरण आहे. नॉर्वेच्या सिम्युला या भाषेनं 1967 मध्ये क्लास आणले, पण स्मॉलटॉकवाले ॲलन के यांचा भर मेसेजवर, म्हणजे वस्तूंनी एकमेकांना धाडलेल्या निरोपांवर, तेच इथे दिसतं. इफ, म्हणजे जर-तर, हेसुद्धा वेगळं वाक्य नाही, खऱ्या-खोट्याला पाठवलेला मेसेज! गंमत गणिताची, गुणाकार आधी वगैरे काही नाही, डावीकडून सरळ. मी 5000 - 40 * 10 लिहिलं, उत्तर 4600 ऐवजी 49600. आडत्याला दाखवलं असतं तर शेतकऱ्यानं पेढे वाटले असते. पण प्रोग्राम अडकला की तिथेच डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या खिडकीत, मेथड दुरुस्त करून पुढे चालू करता येतं, याची चटक लागली की बाकी सगळं मचूळ वाटतं. फक्त कोड, डेटा सगळं एका इमेज फाइलीत (चित्र नव्हे, चालू सिस्टिमची जशीच्या तशी नक्कल) असतं, मी एकदा बिघडलेलीच सेव्ह केली आणि रविवार गेला.

आडत्याकडे गो चालू आहे. आता म्हणतो डाळिंब पण टाक, म्हटलं टाकतो, एकच मेथड आहे.