डेकवरच्या स्किमरचे नवे झाकण : मजबूत आहे, पण बसवताना डोळ्यांत तेल घालून पाहा

आमच्या सोसायटीच्या जलतरण तलावाचे स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून टोपलीत अडकवणारे खळगे) डेकमध्येच, म्हणजे तलावाभोवतीच्या फरशीतच, बसवलेले असल्यामुळे त्यांची गोल झाकणे ऐन येण्याजाण्याच्या वाटेत येतात आणि पाण्यातून निघालेली मुले त्यांच्यावर पाय देऊनच धावतात. जुनी झाकणे साध्या पांढऱ्या एबीएस प्लास्टिकची होती. उन्हाने त्यांची चकाकी गेली होती, बोट फिरवले की पांढरी भुकटी लागत होती, आणि स्क्रूच्या भोकापासून निघालेली बारीक चीर झाकण उलटे केल्यावरच दिसली.

झाकणाखाली टोपली आणि तिच्या तळाशी पंपाकडे पाणी ओढणारी नळी असते. झाकण तुटले किंवा कलंडले, तर मुलाचा पाय आत जाऊन तुटक्या धारेने नडगी सोलवटते आणि टोपली जागेवर नसेल, तर पंपाच्या ओढीचा धोका वेगळाच. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या निचऱ्याच्या ओढीत अडकून दगावली आणि २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. त्यानंतर तळाच्या जाळ्यांबद्दल पुष्कळ बोलले गेले. पायाखालच्या झाकणाकडे मात्र आपल्याकडे अजूनही फारसे कोणी पाहत नाही.

नवे झाकण जाड आहे, खालून आडव्याउभ्या फासळ्यांचा आधार आहे आणि वरचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने ओल्या पायाखाली सटकत नाही. ते फरशीच्या पातळीत बसते. एका कडेवर टाच दाबली, तरी समोरची कड उचलली जात नाही आणि ही परीक्षा प्रत्येकाने करावीच. मला सर्वाधिक आवडले ते म्हणजे स्टेनलेस स्टीलचे दोन्ही स्क्रू सैल केल्यावरही झाकणातच अडकून राहतात. टोपली रोज साफ करावी लागते, स्क्रू काढण्या-लावण्यात वेळ जातो, म्हणून देखभालीचा माणूस ते बाजूला ठेवून झाकण नुसतेच टेकवतो. चांगले झाकण धोकादायक होते ते इथेच. आमच्याकडे आधीच्या ठेकेदाराच्या काळात असेच चालत होते. आता साफसफाईच्या वहीत ‘स्क्रू आवळले’ असा वेगळा रकाना आहे आणि संध्याकाळी सुरक्षारक्षक प्रत्येक झाकण पायाने दाबून पाहतो.

उणिवाही आहेत. स्क्रूच्या खाचेत वाळू साचते, ती ब्रशने काढावी लागते. झाकण ज्यात बसते त्या डेकमधल्या जुन्या कड्याचे आटे झिजले असतील, तर स्क्रू नुसताच फिरत राहतो, अशा वेळी कडेही बदलावे. केवळ झाकणावर खर्च करून काही साधत नाही. दुकानात जाताना जुने झाकण सोबत न्यावे, कारण वरून सारखी दिसणारी झाकणे कड्यात सारखी बसत नाहीत. खोक्यावर व्यासाचे माप आहे, परंतु झाकण किती वजन पेलते याचा उल्लेख कुठेच नाही. मोठा माणूसही ज्यावर उभा राहणार, अशा वस्तूच्या उत्पादकाने तो आकडा झाकणावरच ठसठशीत छापायला हवा.