मातीच्या सॅम्पलमध्ये कायटिनेज शोधताना: एचएमएमर आणि इंटरप्रो सहा महिने वापरल्यावर

सांगलीत एमएस्सी मायक्रोचं प्रोजेक्ट चालू आहे माझं, विषय मातीतल्या बॅक्टेरियाची कायटिनेज एन्झाइम्स, आणि घरची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, त्यामुळं विषय निवडायला वेळ लागलाच नाही. द्राक्षावर भुरी रोग आणणाऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन नावाचं कडक द्रव्य असतं आणि कायटिनेज ते तोडतं. डाऊनी हा द्राक्षाचा दुसरा रोग, पण त्याचा जंतू खरी बुरशी नव्हेच, त्याच्या भिंतीत मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोज, त्यामुळं तिथं याचा फारसा उपयोग नाही, हे आण्णांना दोनदा समजावून सांगितलंय.

तर जगभरातल्या मातीच्या सॅम्पलचा मेटाजिनोम डेटा (सॅम्पलमधल्या सगळ्या जीवांचा एकत्र वाचलेला डीएनए) फुकट मिळतो, पण त्यात "कायटिनेज" असं नाव टाकून शोधलं तर हाताला फार कमी लागतं, कारण बहुतेक प्रोटीन्सना कुणी नावच दिलेलं नसतं, नुसतं "हायपोथेटिकल" लिहिलेलं. ब्लास्ट या प्रोग्रॅमनं एक सिक्वेन्स (प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम) दुसऱ्याशी ताडून बघता येतो पण लांबचे नातेवाईक त्यातून निसटतात. डोमेनवरून, म्हणजे प्रोटीनमधल्या ठरावीक काम करणाऱ्या भागावरून, शोधायचं ते यासाठी. कायटिनेजचं एक मोठं कुटुंब आहे ग्लायकोसिल हायड्रोलेज १८, पीफॅम या प्रोटीन कुटुंबांच्या डेटाबेसमध्ये त्याचा नंबर पीएफ००७०४, त्या कुटुंबातले कितीतरी सिक्वेन्स एकाखाली एक लावून कुठल्या जागी कुठलं अमिनो आम्ल टिकून राहतं याचा एक साचा बनवलेला असतो, आणि एचएमएमर हा प्रोग्रॅम तो साचा घेऊन तुमच्या लाखो प्रोटीन्सवरून फिरतं.

पीफॅमची वेगळी वेबसाइट २०२३ च्या जानेवारीत बंद झाली, आता सगळं इंटरप्रो या एकत्रित डेटाबेसमध्ये आहे, जुन्या नोट्समधल्या लिंका शोधत बसू नका. इंटरप्रो मला मनापासून आवडलं. एकाच पानावर पीफॅम, स्मार्ट, प्रोसाइट, पॅन्थर अशा सगळ्या डेटाबेसचं मत दिसतं आणि हव्या त्या डोमेनचा साचा तेवढाच डाउनलोड होतो, अख्खं पीफॅम उतरवायची गरज नाही. आमच्यासारख्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना हे फार मोठं आहे.

एचएमएमर फुकट आहे, लिनक्सवर चालतं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या. माझा ८ जीबीचा साधा लॅपटॉप, एका सॅम्पलची काही लाख प्रोटीन्स, चहा उकळेपर्यंत निकाल हातात. दोन कमांडमध्ये सगळे गोंधळतात म्हणून सांगते, साचा हातात आहे आणि प्रोटीन्सच्या ढिगात शोधायचंय तर एचएमएमसर्च, प्रोटीन हातात आहे आणि त्यात कुठकुठले डोमेन आहेत हे बघायचंय तर एचएमएमस्कॅन. आणि ई-व्हॅल्यूची (जुळणी नुसत्या योगायोगानं होण्याचा अंदाज) मर्यादा मनानं ठरवू नका, कट-जीए ऑप्शन द्या, म्हणजे पीफॅमवाल्यांनी त्या कुटुंबासाठी तपासून ठरवलेली मर्यादाच लागते.

पण हिट (साच्याशी जुळणारं प्रोटीन) आला म्हणजे कायटिनेज सापडलं असं नाही, इथंच मी पहिला महिनाभर चुकत होते. डोमेनवार टेबलमध्ये साच्याचा कुठपासून कुठपर्यंतचा भाग जुळला ते लिहिलेलं असतं, हा साचा तीनशेच्या वर लांबीचा, आणि माझे बरेच हिट साठ-सत्तर जागांचेच होते, म्हणजे कॉन्टिगच्या (जोडून केलेल्या डीएनएच्या पट्टीच्या) टोकाला तुटलेले तुकडे. दुसरं म्हणजे कुटुंब एक असलं तरी काम एक नसतं, माणसातलं वायकेएल-४० हे प्रोटीन याच कुटुंबातलं, ते कायटिनला नुसतं चिकटतं, तोडत नाही, कारण तोडायला लागणारं ग्लुटामेट हे अमिनो आम्ल त्याच्यात बदललेलं आहे. म्हणून डी-एक्स-एक्स-डी-एक्स-डी-एक्स-ई हा तुकडा (एक्स म्हणजे कुठलंही अमिनो आम्ल) आणि त्यातला शेवटचा ई, म्हणजे तेच ग्लुटामेट, मी प्रत्येक सिक्वेन्समध्ये डोळ्यांनी बघते. आणि फक्त १८ वर थांबू नका, कुटुंब १९ पण शोधा, पीएफ००१८२, ते मुख्यतः वनस्पतींत असतं पण मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस बॅक्टेरियामध्येही असतं.

सॅम्पलसाठी मी एमग्निफाय ही मेटाजिनोम डेटाची वेबसाइट वापरते, तिथं माती, पाणी, आतडं अशी जागेनुसार वर्गवारी केलेली आहे, खूप छान. तिथं एकच काळजी घ्या, अँप्लिकॉन लिहिलेलं सॅम्पल घेऊ नका, त्यात १६एससारखा जीव ओळखण्यापुरता एखादाच जीन वाचलेला असतो, प्रोटीन नसतंच, मी अशी सहा उतरवून बसले होते आणि अख्ख्या दिवसाचा नेट पॅक गेला. असेम्ब्ली (वाचलेले छोटे तुकडे जोडून केलेला लांब डीएनए) असलेलंच घ्या, आणि सगळ्या सॅम्पलची प्रोटीन्स एका फाइलमध्ये ओतू नका, प्रत्येक सॅम्पलवर वेगळा सर्च चालवा, नाहीतर हिट कुठल्या मातीतला हे नंतर शोधताना जीव जातो. मोजताना एकूण प्रोटीन्सनी भागा, नाहीतर जास्त सिक्वेन्सिंग झालेलं सॅम्पलच कायम पुढं दिसणार.

मला खरा त्रास झाला तो सॅम्पलच्या माहितीचा. एका ठिकाणी जागा म्हणून फक्त "इंडिया", खोली नाही, पीक नाही, तारीख नाही. एवढी मेहनत करून माती गोळा करणाऱ्यानं दोन ओळी लिहायला काय हरकत होती? द्राक्षबागेच्या मातीत आणि उसाच्या मातीत फरक आहे की नाही हाच माझा प्रश्न, आणि पीकच लिहिलं नसेल तर डोमेन कितीही अचूक शोधा, उत्तर मिळत नाही.

परवा आण्णा स्क्रीनकडं बघत म्हणाले, "ह्यात भुरीचं औषध सापडंल का गं?" म्हटलं औषध लांब आहे आण्णा, पण कुठल्या मातीत शोधायचं ते सापडेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेतली माती पिशवीत भरून आणून दिली, पिशवीवर गट नंबर, वाण, किती इंचावरून घेतली आणि तारीख, सगळं पेनानं लिहून.