निनाइट: विंडोज टाकून झाल्यावर मी सगळ्यात आधी उघडते ती साइट

विंडोज टाकणं आता फारसं जिकिरीचं राहिलेलं नाही. जीव खातात ती नंतरची सॉफ्टवेअर्स. एकेक साइट शोधा, डाउनलोडचं खरं बटण कुठलं नि जाहिरातीचं कुठलं ते ओळखा, मग नेक्स्ट, नेक्स्ट, आणि मध्येच आधीपासून टिक करून ठेवलेला, ब्राउझरला नको असताना चिकटणारा एखादा टूलबार. निनाइट ही सगळी कटकट मिटवतं. घरच्यांचे, मैत्रिणींचे कॉम्प्युटर लावून देताना माझा भरवसा त्याच्यावरच असतो.

साइटवर क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसी, सेव्हन-झिप, लिबरऑफिस अशी यादी आहे. हवं त्यावर टिक केली की एक छोटीशी फाइल उतरते. ती चालवायची आणि उठून दुसरं काम बघायचं. प्रोग्रॅम मूळ साइटवरूनच येतात, टूलबारला परस्पर नकार जातो, रीस्टार्टचा तगादाही नाही. ही फाइल जपून ठेवा: पुढे कधीही चालवली की जुनी झालेली सॉफ्टवेअर्स अपडेट होतात. घरगुती वापराला फुकट आहे.

ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड असे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, मात्र निनाइट देत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. मशीन बदललं की ड्रायव्हर बदलतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांच्या नादी मी कुणालाच लागू देत नाही. वाय-फायचा ड्रायव्हर फॉरमॅट करण्याआधीच लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घ्या, कारण नेटच नसेल तर निनाइटही चालायचं नाही. पुढचे बरेचसे ड्रायव्हर 'विंडोज अपडेट' आपणच टाकतं. तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'समोर पिवळं चिन्ह राहिलं, तर प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जाऊन बघा. तिथे 'व्हेन'पुढे (VEN, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक) ८०८६ दिसलं तर ते इंटेलचं. लागतो तो मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे इंटेलच्या चिपसेटमध्येच बसवलेल्या छोट्या नियंत्रकाचा ड्रायव्हर, आणि कंपनीच्या साइटवर तो बहुधा चिपसेटच्या विभागात सापडतो. नावावरून कुणाला काही कळू नये असं ते प्रकरण आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर थेट एनव्हिडिया किंवा एएमडीकडून घ्यावा.

निनाइटची मला खटकणारी एकच गोष्ट: सॉफ्टवेअर कुठल्या फोल्डरमध्ये जावं हे निवडता येत नाही. सी ड्राइव्ह लहान असेल तर मोठे प्रोग्रॅम त्यातून वगळा आणि हातानेच टाका.