उपाध्यक्ष हवा की नको? अमेरिका, फिलिपिन्स आणि कोरिया शेजारी शेजारी ठेवून बघू

कॉलेजच्या डिबेटला किंवा मॉक संविधान सभेला हा विषय आला की सगळे अमेरिकेवर दोन मिनिटं बोलतात आणि मोकळे होतात. बाजू ठरवायची असेल तर निदान तीन पद्धती तरी बघा. आणि आपले उपराष्ट्रपती यात घुसडू नका, आपली पद्धत संसदीय, ते राज्यसभा चालवतात आणि राष्ट्रपतींची जागा रिकामी झाली तर नवीन निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, काम बघतात. अमेरिकेत अध्यक्ष गेला की उरलेली आख्खी टर्म उपाध्यक्षाची.

तर अमेरिका. तिथे आधी दुसऱ्या नंबरवर आलेला माणूस उपाध्यक्ष व्हायचा, त्यामुळे १७९६ ला अ‍ॅडम्स अध्यक्ष आणि त्यांना टक्कर देणारे जेफरसनच उपाध्यक्ष असा प्रकार झाला, मग १८०० ला जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅरन बर दोघांना ७३-७३ मतं पडली आणि निकाल लावायला प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. १८०४ मध्ये घटनादुरुस्ती करून दोन पदांची मतं वेगळी केली, पुढे जोडीनेच उभं राहायची पद्धत रुळली. रोजचं काम म्हणाल तर फारसं नाही, सिनेटमध्ये टाय झाली तर मत द्यायचं (कमला हॅरिस यांनी ३३ वेळा दिलं, रेकॉर्ड आहे). बाकी अध्यक्ष देईल ते काम. अध्यक्ष रूझवेल्ट वारले तेव्हा ट्रुमन ८२ दिवसांचे उपाध्यक्ष होते आणि अणुबॉम्बची सविस्तर माहिती त्यांना शपथ घेतल्यावर जवळजवळ दोन आठवड्यांनी मिळाली! म्हणजे स्टेपनी आहे पण हवा भरलीये का कुणी बघत नाही. आणि १९६७ च्या दुरुस्तीनंतर रिकामं उपाध्यक्षपद अध्यक्षाने नाव सुचवून दोन्ही सभागृहांच्या मंजुरीने भरता येतं, त्यातून फोर्ड उपाध्यक्ष म्हणून आले आणि १९७४ ला अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर तेच अध्यक्ष झाले, त्यांनी रॉकफेलरना उपाध्यक्ष केलं. दोघांनाही त्या पदांवर जनतेने निवडून दिलेलं नव्हतं. विरोधी बाजू घेणाऱ्यांनी हा मुद्दा नक्की वापरा.

जोडी म्हणजे निष्ठा असंही समजू नका. ब्राझीलमध्ये अध्यक्ष दिल्मा रूसेफ आणि उपाध्यक्ष मिशेल तेमेर एकाच जोडीतून निवडून आले, पक्ष वेगळे, युतीची सोय. डिसेंबर २०१५ मध्ये तेमेर यांनी दिल्मांना पत्र लिहून आपण नुसते शोभेचे उपाध्यक्ष आहोत अशी तक्रार केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये महाभियोगाने दिल्मा गेल्यावर खुर्चीत तेच बसले.

फिलिपिन्समध्ये दोघांना वेगवेगळं मत. ऐकायला फार लोकशाही वाटतं. पण २०१६ ला दुतेर्ते अध्यक्ष आणि विरोधी लिबरल पक्षाच्या लेनी रोब्रेडो उपाध्यक्ष झाल्या, आणि त्याच डिसेंबरमध्ये त्यांना 'कॅबिनेट मीटिंगला येऊ नका' असा मेसेज मोबाईलवर आला, मग त्यांनी गृहनिर्माण खात्याचा राजीनामा दिला. उपाध्यक्षपद मात्र अध्यक्षाला काढून घेता येत नव्हतं. २०२२ ला मार्कोस ज्युनियर अध्यक्ष आणि सारा दुतेर्ते (आधीच्या दुतेर्तेंची मुलगी) उपाध्यक्ष, एकत्र प्रचार करून आले, २०२४ ला साराही कॅबिनेटमधून बाहेर, पुढे त्यांच्यावर महाभियोगापर्यंत गेलं. आपण पदावरून गेलो तर समोरचा तयारच बसलाय हे माहीत असताना कोण कुणावर विश्वास ठेवणार सांगा.

कोरियाने (दक्षिण) हे सगळं आधीच भोगलंय. १९५६ ला अध्यक्ष सिंगमन री आणि उपाध्यक्ष विरोधी पक्षाचे चांग म्योन. १९६० ला री ऐंशी पार केलेले, त्यांचा प्रतिस्पर्धी निवडणुकीआधीच वारला, म्हणजे खरी लढत उपाध्यक्षपदाची, कारण री गेले तर देश उपाध्यक्षाच्या हातात. १५ मार्चला तिथेच प्रचंड घोटाळा केला, लोक रस्त्यावर आले, एप्रिलमध्ये री यांना जावं लागलं आणि नव्या घटनेत उपाध्यक्षपदच उडवलं. आता तिथे अध्यक्ष हटला की ६० दिवसांत नवीन निवडणूक, तोवर पंतप्रधान काम बघतो. पण डिसेंबर २०२४ बघा: अध्यक्ष यून यांच्यावर १४ तारखेला महाभियोग, पंतप्रधान हान कार्यवाहक, २७ ला त्यांच्यावरही महाभियोग, मग अर्थमंत्री, मार्चमध्ये परत हान, मेमध्ये हान आणि अर्थमंत्री दोघांचेही राजीनामे, शेवटी खुर्ची शिक्षणमंत्र्यांकडे. आणि एवढं होऊन, एप्रिलमध्ये कोर्टाने यून यांना हटवल्यावर ६० दिवसांच्या हिशोबाने ३ जून २०२५ ला निवडणूक व्यवस्थित झाली.

माझं मत विचाराल तर वेगळ्या मतदानाच्या बाजूने अजिबात उभे राहू नका, जज दोन प्रश्नांत पाडतील. दोन महिन्यांत देशभर निवडणूक घेता येते असं दाखवू शकलात तर कोरिया घ्या, कारण शेवटी अध्यक्ष लोकच निवडतात. ते जमणार नसेल तर अमेरिकेची जोडी, पण फोर्ड-रॉकफेलरवर उत्तर तयार ठेवा आणि दोघं एकाच पक्षाचे असावेत ही अट आधीच घालून टाका, नाहीतर समोरून कोणीतरी तेमेर काढणारच.