थ्रेशोल्डसाठी महागाचं घड्याळ घेऊ का छातीचा पट्टा?

आमच्या पळायच्या ग्रुपातल्या एका भावाला घड्याळ घ्यायचंय आणि तो रोज एकच विचारायलाय, थ्रेशोल्ड दाखवणारं घेऊ का साधं चालेल. आधी हे ध्यानात घे, थ्रेशोल्ड म्हणजे पळण्याचा जो जोर ओलांडला की रक्तात लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) भराभर साठायला लागतं ती हद्द, आणि कुठलंच घड्याळ लॅक्टेट मोजत नाही. लॅक्टेट असतं रक्तात, लॅबवाले ट्रेडमिलचा स्पीड टप्प्याटप्प्यानं वाढवत बोटातून नाहीतर कानाच्या पाळीतून थेंब घेतात तेव्हा ते कळतं. जगात जर्मनी भारतात परभणी ठीक आहे, पण ह्या टेस्टला आपल्यातले पुण्याकडंच पळतात. घड्याळ नुसतं हृदयाचे ठोके आणि पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघून अंदाज लावतं.

मनगटावरचा सेन्सर आरामाच्या रनला बरा, पण टेम्पोत (थ्रेशोल्डच्या आसपास जोरात पळताना) हात हलायलेत, घामानं घड्याळ सरकायलंय, मग तो कधीकधी ठोके सोडून पावलंच मोजत बसतो. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर मी गप्पा मारत पळायलो होतो आणि हार्टरेट 174, कॅडेन्स (मिनिटाला पडणारी पावलं) बघितला तर तोपण 174! असे दोन-तीन रन झाले आणि घड्याळानं थ्रेशोल्ड वाढवून टाकला, झोन (ठोक्यांवरून पाडलेले जोराचे टप्पे) सगळे वर सरकले, मग काय, इझी रनलाच धापा टाकायलो.

छातीचा पट्टा हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो, त्यामुळं दोन ठोक्यांमधलं अंतर नीट मिळतं, आणि थ्रेशोल्डचं गणित बरंचसं त्यावरच चालतं. गार्मिन घड्याळांच्या बऱ्याच मॉडेलांत थ्रेशोल्डची गायडेड टेस्ट (घड्याळच सांगत जातं ती) पट्ट्याशिवाय सुरूच होत नाही ती उगाच नाही. तरी हा पण अंदाजच, थ्रेशोल्डच्या हार्टरेटवर माझा भरवसा आहे, पेसवर कमी, कारण मे महिन्यात आपल्याकडं सकाळी सातलाच डोकं तापतं, त्याच पेसला ठोके आठ-दहा जास्त पडतात आणि घड्याळ म्हणतं तुझा फिटनेस गेला.

तिसरा रस्ता फुकटातला, ‘जो फ्रील’ नावाच्या कोचचा. सपाट रस्त्यावर एकट्यानं 30 मिनिटं जीव तोडून पळायचं, शेवटच्या 20 मिनिटांचा सरासरी हार्टरेट म्हणजे तुझा थ्रेशोल्ड. पहिल्या दहा मिनिटांतच उधळलास तर टेस्ट वाया, हे मी दोनदा करून बसलोय.

म्हणून मी तरी साधं घड्याळ आणि पट्टा घेईन, टेस्ट डिसेंबरात एकदा, मेमध्ये एकदा. पट्टा ओला करूनच लाव, कोरडा लावला तर घाम येईपर्यंत तोपण काहीबाही दाखवतो.